ऊसतोडीला जाणारी गरोदर बाई : कार्ड, तारखा, गोळ्या, पैसे

बालाघाट

दसरा झाला की बीड, जालना, पाथर्डीकडच्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, सोलापूर, निपाणीच्या बाजूला निघतात आणि मार्च-एप्रिलात परततात. त्यांत दरवर्षी गरोदर बायका असतात. गरोदरपणाचा पहिला भाग गावात जातो, दुसरा कोपीत (फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत). योजना दोन्हीकडे लागू आहेत, कारण बहुतेक केंद्राच्या आहेत. पण नोंद एका उपकेंद्राच्या वहीत आणि बाई दुसऱ्या तालुक्यात, अशी फाटाफूट झाली की सगळं अडतं. हा धागा तेवढ्यासाठी आहे. आशाताई, मुकादम, साखरशाळेचे शिक्षक, ज्या कोणाच्या हातात हे पडेल त्यांना वापरता यावं.

एक उदाहरण धरू. शेवटची पाळी ५ मे. नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की अपेक्षित तारीख १२ फेब्रुवारी. टोळी १५ ऑक्टोबरला निघाली तर तेव्हा साधारण २३ आठवडे झालेले असतात. चार तपासण्या किमान धरल्या आहेत : पहिली १२ आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६, तिसरी २८ ते ३४, चौथी ३६ नंतर. पहिल्या दोन गावात होऊ शकतात. तिसरी येते १७ नोव्हेंबर ते २९ डिसेंबरच्या दरम्यान आणि चौथी १२ जानेवारीनंतर, म्हणजे दोन्ही ऐन हंगामात. रक्तदाब चढणं, बाळ आडवं असणं, रक्त उतरणं हे बहुतेक याच काळात कळतं आणि नेमक्या याच दोन तपासण्या बुडतात.

म्हणून निघण्याआधी या तारखा माता-बाल संरक्षण कार्डावर पेनाने लिहून द्याव्यात. 'डिसेंबरात दाखव' असं तोंडी सांगून उपयोग नाही. तळाजवळच्या (टोळी उतरते त्या जागेजवळच्या) प्राथमिक आरोग्य केंद्राचं नावही त्याच पानावर हवं. टोळी कुठल्या कारखान्याला जाणार हे मुकादमाला उचल (आगाऊ रक्कम) देतानाच माहीत असतं, त्यामुळे ते आधी विचारता येतं.

भर घाला, चुकलं असेल तिथे दुरुस्त करा.

उपकेंद्र

चांगला धागा. कार्डाबद्दल थोडं अजून.

कार्डावरचा आरसीएच (प्रजनन व बाल आरोग्य) क्रमांक सगळ्यात महत्त्वाचा. त्यावरून दुसऱ्या जिल्ह्यातली सिस्टर तीच नोंद उघडू शकते. क्रमांकाची जागा कोरी ठेवून कार्ड दिलं असेल तर निघण्याआधी भरून घ्या. पहिल्या पानाचा आणि तपासणीच्या पानाचा फोटो नवऱ्याच्या मोबाईलमध्ये असू द्या, कारण कोपीत पाणी शिरतं, उंदीर लागतात, कागद टिकत नाही.

पाळीची तारीख बहुतेकींना सांगता येत नाही. अंदाजाने १ किंवा १५ तारीख टाकायची सवय वाईट. सण धरून विचारावं : अक्षय तृतीयेच्या आधी की नंतर, वटपौर्णिमेला पाळी चुकलेली होती का, आखाडात उलट्या सुरू झाल्या का. आठवड्याच्या फरकापर्यंत पोचता येतं. शंका उरलीच तर लवकरची सोनोग्राफी तारीख पक्की करते. १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी व्यंग पाहण्यासाठी असते आणि तीही निघण्याआधीच होऊन जावी. सोनोग्राफीला ओळखपत्र लागतं, मूळ आधार सोबत न्यावं.

आणि हीच तारीख पुढे प्रधानमंत्री मातृवंदना योजनेच्या पोर्टलवर जाते. कार्डावर एक आणि पोर्टलवर दुसरी असेल तर अर्ज अडकतो.

गावात असतानाच उरकायच्या गोष्टी : टीडीचे (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचे) दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने (मागच्या तीन वर्षांत दोन्ही झाले असतील तर एकच बूस्टर), रक्तगट, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ बी, लघवीतलं प्रथिन आणि साखर. मधुमेहासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. ही तपासणी एकदा नोंदणीच्या वेळी आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करायची असते. वरच्या उदाहरणात ती दुसरी वेळ टोळी निघाल्यानंतर लगेच येते, तेव्हा कार्डावर लाल पेनाने लिहाच.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो कार्डाच्या दर्शनी भागावर मोठ्या अक्षरात हवा. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन द्यावं लागतं. अनोळखी दवाखान्यात रात्री दोनला पोचलेल्या बाईला हे कोण विचारणार?

भगर

एक प्रश्न. आमच्या भागात बऱ्याच जणींचे मातृवंदनेचे पैसे 'मंजूर' दिसतात पण पासबुकात येत नाहीत. नेमकं कुठे अडतं?

पासबुक

भगर, बहुतेक वेळा पैसे आलेले असतात, फक्त भलत्याच खात्यात. हे पैसे खाते क्रमांक बघून जात नाहीत, आधार बघून जातात. आधार शेवटचं ज्या बँकेशी डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडलं गेलं तिथे रक्कम पडते. लग्नाआधी माहेरी जनधन खातं उघडलेलं असतं, नंतर सासरी बचत गटासाठी दुसरं, मग कोणीतरी मोबाईलवर पेमेंट बँकेचं तिसरं काढून देतं. बाई दुसरं पासबुक भरून बघते आणि पैसे तिसऱ्यात असतात. बँकेत जाऊन 'आधार डीबीटीला कुठल्या बँकेशी जोडलंय' एवढं विचारायचं. आधार केवळ केवायसीसाठी दिलेलं असणं आणि डीबीटीसाठी जोडलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेचा कारकूनसुद्धा कधीकधी 'आधार लिंक आहे' म्हणून परत पाठवतो, तेव्हा नीट विचारा.

बाकी कारणं : आधारवर माहेरचं नाव आणि अर्जात सासरचं (अर्ज आधारवरच्या नावानेच भरावा, नाव बदलायचं असेल तर नंतर), नवऱ्यासोबतचं संयुक्त खातं (चालत नाही, तिच्या एकटीचं लागतं), दोन वर्षं व्यवहार नसल्याने बंद पडलेलं खातं.

आता रकमा, कारण जुने आकडे अजून फिरतात. १ जानेवारी २०१७ पासूनच्या योजनेत १,०००, २,०००, २,००० असे तीन हप्ते होते. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपयेच, पण दोन हप्त्यांत. ३,००० मिळतात पाळीच्या तारखेपासून सहा महिन्यांत नोंदणी आणि किमान एक तपासणी झाली की. २,००० मिळतात बाळाची जन्मनोंद आणि १४ आठवड्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्यावर. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० एकरकमी, अर्ज जन्मापासून २७० दिवसांच्या आत. पिवळं किंवा अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, ई-श्रम, जॉबकार्ड, आयुष्मान कार्ड, जातीचा दाखला, आठ लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला यांपैकी एक पुरावा पुरतो. सगळे जोडायला लावणं चुकीचं आहे. नवऱ्याचं आधारही आता सक्तीचं नाही, टाकलेल्या किंवा एकट्या बाईला त्यावरून परत पाठवता येत नाही.

वयाची अट मात्र आहे : १८ वर्षं ७ महिने. आपल्या भागात हंगामाआधी मुलींची लग्नं उरकतात, कारण कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी लागते. त्या मुली या पैशांतून सरळ बाहेर पडतात आणि जोखीम सगळ्यात जास्त त्यांचीच.

नीराकाठ

पासबुक यांनी रकमा बरोबर दिल्यात. त्यात हेही नोंदवतो की २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या चौथ्या कलमात प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये म्हटलंय. नियमित सरकारी नोकरी असलेल्या आणि दुसऱ्या कायद्याने असाच लाभ मिळणाऱ्या स्त्रिया तेवढ्या वगळल्या आहेत. पहिलं बाळ, दुसरी मुलगी असली अट त्या कायद्यात नाही, ती योजनेने घातली. ५,००० देऊन उरलेलं जननी सुरक्षा योजनेतून भरून निघतं असं सरकारचं म्हणणं. संघटित क्षेत्रातल्या बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. उसाच्या फडात बाई एक दिवस बसली तर खाडा लागतो आणि उचलीतून कापला जातो. हे पैसे बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई म्हणून ठरवलेत, मग ते सातव्या-आठव्या महिन्यात हातात असले पाहिजेत. बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर आले तर तिने त्या पैशांच्या भरवशावर विश्रांती घ्यायची कधी? म्हणून पहिला अर्ज चौथ्या महिन्यात, गावात असतानाच भरा.

जननी सुरक्षेचं (२००५ पासून) : महाराष्ट्रात ग्रामीण भागातल्या संस्थेत बाळंतपण झालं तर ७०० रुपये, शहरी ६००, दारिद्र्यरेषेखालील बाईचं घरी झालं तर ५००. अनुसूचित जाती, जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील बायकांना. वय आणि कितवं मूल ही अट २०१३ मध्ये काढली, तरी अजून 'तिसरं आहे, मिळणार नाही' असं सांगितलं जातं. मिळतं.

बांधकामावर जाणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट. इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळात जिवंत नोंदणी असेल तर दोन अपत्यांपर्यंत नैसर्गिक प्रसूतीला १५,००० आणि शस्त्रक्रियेला २०,००० मिळतात. वर्षात ९० दिवस कामाचा दाखला लागतो आणि नोंदणीचं नूतनीकरण चुकलं की दावा फेटाळतात.

मृगसरी

पैशांवर बरंच झालं, रक्ताकडे येऊ. बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांत रक्तस्राव हे मोठं कारण असतं आणि आधीच रक्त कमी असलेली बाई थोड्या स्रावानेही कोसळते.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या वर हवं. १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम, ७ च्या खाली तीव्र, ५ च्या खाली असेल तर त्याच दिवशी भरती. सगळ्यांना चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक) १८० दिवस, बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. सौम्य आणि मध्यम असेल तर रोज दोन. कॅल्शियमच्या रोज दोन, १४ व्या आठवड्यापासून. दुसऱ्या तिमाहीत जंताची गोळी एकदा, ४०० मिलिग्रॅम.

गोळ्या का लागू पडत नाहीत, तर लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतात आणि वर चहा पितात. दोघांत किमान दोन तास हवेत. फडात पहाटे चारला चहा होतो, म्हणून लोहाची गोळी रात्री जेवणानंतर, झोपताना, पाण्यासोबत (जमलं तर लिंबू) आणि कॅल्शियम दोन्ही वेळच्या जेवणात, पण रात्रीचं कॅल्शियम संध्याकाळच्या भाकरीबरोबर लवकर. मळमळ रात्री झोपेत निघून जाते. शौच काळी होते, ते सांगून ठेवलं नाही तर घाबरून गोळ्या टाकून देतात. गोळ्या लहान पोरांच्या हाती लागू देऊ नका, मूठभर लोह लेकराचा जीव घेऊ शकतं.

महिन्याभरात हिमोग्लोबिन १ ग्रॅमनेही वाढलं नाही तर गोळ्या बदलत बसू नये, वर पाठवावं. आणि स्थलांतर करणाऱ्या बाईसाठी आग्रहाने सांगते : निघायच्या वेळी रक्त आठ-साडेआठच्या आसपास असेल तर शिरेतून लोह देण्याचा विचार तिथेच व्हावा. आयर्न सुक्रोजचे २०० मिलिग्रॅमचे डोस दिवसाआड द्यावे लागतात, चार-पाच खेपा होतात. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका बैठकीत १,००० मिलिग्रॅमपर्यंत देता येतं. ज्या बाईला परत येणं शक्य नाही तिच्यासाठी दुसरं सोयीचं. पहिल्या तिमाहीत मात्र नाही, आणि देताना डॉक्टर समोर हवेत.

भगर

गोळ्या किती सोबत द्यायच्या? महिन्याच्या वर देत नाहीत.

उपकेंद्र

स्थलांतर होणार हे लिहून दिलं तर वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीने जास्त देता येतात. रोज दोन धरल्या तर तीन महिन्यांच्या १८० लोहाच्या, १८० कॅल्शियमच्या. पट्टीतल्याच द्या, कागदात बांधलेल्या सुट्या गोळ्या दमटपणाने फुटतात. त्यानंतरच्या गोळ्या तळाजवळच्या उपकेंद्रातून घ्यायच्या. गाव कुठलं हे विचारून नाकारण्याचा कोणालाही अधिकार नाही.

मृगसरी

रक्तदाबाबद्दल राहिलं. १४०/९० किंवा वर गेला की कोपीत थांबायचं नाही. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, पोटाच्या वरच्या भागात कळ, चेहरा आणि हात अचानक सुजणं, यातलं काहीही आलं तर त्याच दिवशी दवाखाना. झटका आला असेल तर प्राथमिक केंद्रात मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस (दोन्ही नितंबांत ५-५ ग्रॅम) देऊनच पुढे पाठवायचं असतं. तो न देता नुसती गाडी काढून दिली तर वाटेत पुन्हा झटका येतो. सोबत जाणाऱ्याने 'झटक्याचं इंजेक्शन दिलं का' एवढं विचारावं आणि चिठ्ठीवर वेळ लिहून घ्यावी.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून तपासणीचा दिवस असतो, २०१६ पासून. कार्डावर टिकली चिकटवतात : हिरवी म्हणजे जोखीम नाही, लाल अतिजोखीम, निळी रक्तदाब, पिवळी मधुमेह-थायरॉईडसारखे आजार. लाल किंवा निळी टिकली असलेल्या बाईला टोळीत नेऊ नये, हे मुकादमालासुद्धा कळायला हवं.

बालाघाट

आभार. आता अवघड प्रश्न. बाळंतपणाला गावी परत आणावं की तळाजवळच करावं? बहुतेक घरं आठव्या महिन्यात ट्रॅक्टरने किंवा एसटीने परत पाठवतात. सासूबाई गावी असतात म्हणून.

नीराकाठ

माझं मत, तळाजवळ. तीनशे किलोमीटरचा प्रवास आठव्या-नवव्या महिन्यात, वाटेत कळा सुरू झाल्या तर कुठे उतरवणार? पश्चिम महाराष्ट्रात उपजिल्हा रुग्णालयं तुलनेने जवळ आहेत.

उपकेंद्र

नीराकाठ, सरसकट असं म्हणता येणार नाही. तळाजवळ बाळंत झालेली बाई तिसऱ्या दिवशी कोपीत येते, आठव्या दिवशी फडात जाते, कारण नवरा एकटा तोडू शकत नाही. गावात किमान सव्वा महिना मिळतो. ठरवायचं ते जोखमीवरून. आधीचं सिझर, जुळी, बाळ पायाळू, रक्त ७ च्या आत, रक्तदाब, उंची १४५ सेंटिमीटरच्या आत, असं काही असेल तर जिथे शस्त्रक्रिया आणि रक्तपेढी आहे त्या ठिकाणाजवळ तिला ३६ व्या आठवड्यापासून ठेवा, मग ते गाव असो की तळ. जोखीम नसेल आणि गावी कोणी सांभाळणारं असेल तर ३२ व्या आठवड्याच्या आत परत पाठवा, त्यानंतर नको. हा निर्णय निघताना व्हायला हवा, कळा सुरू झाल्यावर नाही.

दवाखान्यात काय फुकट आहे ते पाठ असू द्या. जननी शिशु सुरक्षा, १ जून २०११ पासून : बाळंतपण, सिझर, औषधं, हातमोजे-सुया-टाके, तपासण्या, सोनोग्राफी, रक्त, जेवण (साध्या बाळंतपणाला ३ दिवस, सिझरला ७), घरून आणणं, एका दवाखान्यातून दुसऱ्यात नेणं, परत सोडणं. आजारी बाळावरचे उपचार आधी ३० दिवसांपर्यंत होते, नंतर वर्षापर्यंत वाढवले. यात रेशनकार्डाची अट नाही, सरकारी दवाखान्यात येणारी प्रत्येक बाई पात्र. बाहेरून औषध आणायला चिठ्ठी दिली तर ती चिठ्ठी आणि बिल जपून ठेवा, वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी द्या, प्रतिपूर्ती मागता येते. तोंडी भांडून काही हाती लागत नाही.

गाडी : कळा सुरू झाल्या आणि बाकी ठीक असेल तर १०२. रक्तस्राव, झटका, बेशुद्धी असेल तर १०८, त्यात डॉक्टर असतो. फोनवर कारखान्याचं नाव सांगून भागत नाही, फड दहा किलोमीटरवर असतो. जवळचं गाव, शिवार, गट किंवा चारी क्रमांक, आणि बैलगाडी रस्त्यावर कोणीतरी बॅटरी घेऊन उभं असणं. परत सोडायची गाडी बहुतेक मागत नाहीत म्हणून मिळत नाही. सुटी व्हायच्या आदल्या दिवशी सिस्टरकडे नोंदवा.

आणि ४८ तासांच्या आत घरी नेऊ नका. जास्त रक्तस्राव पहिल्या दिवसातच होतो. पाच मिनिटांत पूर्ण घडी भिजली तर ते 'अंगावरचं जाणं' नव्हे, आरडाओरडा करून सिस्टरला बोलवायचं.

सातपुडा

आमच्याकडचं थोडं वेगळं आहे म्हणून लिहितो. नंदुरबारच्या धडगाव, अक्कलकुव्याहून लोक गुजरातेत जातात. अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात तीन गोष्टी जास्तीच्या आहेत. एक, अंगणवाडीत अमृत आहार, गरोदर आणि स्तनदा मातेला एक वेळचं गरम जेवण. दोन, नवसंजीवनी योजनेतून मातृत्व अनुदान, ४०० रोख आणि ४०० ची औषधं. तीन, काही आरोग्य केंद्रांजवळ माहेरघर, जिथे लांबच्या पाड्यावरच्या बाईला तारखेच्या काही दिवस आधी सोबतिणीसह राहता येतं. माहेरघर रिकामं राहतं ते बायकांना नको म्हणून नाही. घरी शेळ्या, लहान पोरं कोणावर सोडायची हा प्रश्न सुटत नाही. लहान मुलाला सोबत आणता येतं हे पाड्यावर जाऊन सांगितलं की फरक पडतो.

सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी आमच्या पट्ट्यात पहिल्याच भेटीत व्हायला हवी, नवऱ्याचीही.

उपकेंद्र

बाळाचं राहिलं, ते महत्त्वाचं. आशाताईंच्या घरभेटी : ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस, घरी जन्मलं असेल तर पहिला दिवसही. ही पद्धत गडचिरोलीतल्या 'सर्च' संस्थेच्या कामातून आली. डॉ. अभय आणि राणी बंग यांचा १९९९ चा अभ्यास, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले होते. तळावर मात्र त्या भेटी होत नाहीत, कारण कोपी कोणत्याच आशेच्या यादीत नसते. उपाय एकच : तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला टोळीच्या जागेचं आणि गरोदर बायकांच्या संख्येचं पत्र. लसीकरणाच्या सूक्ष्म नियोजनात वीटभट्ट्या, बांधकामं, भटक्यांच्या वस्त्या जोखमीच्या जागा म्हणून घ्यायच्याच असतात. कोप्या त्यात टाकायला लावा, मग सिस्टर ठरलेल्या दिवशी येते.

बाळ अडीच किलोच्या आत असेल तर कातडीला कातडी लावून छातीशी ठेवणं, डोक्याला टोपी, आठवडाभर अंघोळ नाही. जानेवारीत पाचटाच्या कोपीत रात्री फार गार पडतं. १,८०० ग्रॅमच्या आत असेल तर नवजात कक्षात भरतीच. दूध ओढत नाही, अंग गार किंवा तापलेलं, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, छाती आत ओढली जाते : थांबू नका.

पासबुक

शेवटचं, जन्माचा दाखला. जन्म जिथे झाला तिथेच नोंद होते, आई कुठली हे बघत नाहीत. २१ दिवसांत नोंद विनाशुल्क. दवाखाना कळवतो, पण दाखला त्या गावच्या ग्रामपंचायतीतून किंवा नगरपालिकेतून घ्यावा लागतो. टोळी उठल्यावर बीडहून कोल्हापूरला एका कागदासाठी कोणी जात नाही, आणि त्याशिवाय दुसरा हप्ता नाही, लेक लाडकी योजनेचे पहिले ५,००० नाहीत (१ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेली मुलगी, पिवळं किंवा केशरी कार्ड). सुटी होतानाच आईबापाचं नाव आधारप्रमाणे लिहिलंय का ते बघा. बाळाचं नाव ठरलं नसेल तर रिकामं चालतं, नंतर टाकता येतं.

भगर

निपाणीकडे बाळंत झाली तर? तिकडे कार्ड वेगळं देतात.

पासबुक

तायी कार्ड म्हणतात तिकडे. घ्यावं, पण आपलं कार्ड परत देऊ नये. दोन्हीवर एकमेकांचे क्रमांक लिहून घ्या. जन्मदाखला कर्नाटकचा मिळेल, तो मातृवंदनेला चालतो. लसींची तारीख आणि शिक्का आपल्याही कार्डावर मारून घ्या : बालाघाट यांच्या उदाहरणात दीड महिन्याची लस २६ मार्चला, ती तिकडे होईल. अडीच महिन्यांची २३ एप्रिलला आणि साडेतीन महिन्यांची २१ मेला गावात. तिकडच्या डोसची नोंद नसेल तर इथली सिस्टर पहिल्यापासून सुरू करते आणि हप्ता महिनाभर पुढे जातो.